खूण की कारण?

जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाच्या नेत्रविभागाने जुलै २०२१मध्ये एका रुग्णाची हकीकत जाहीर केली. वय ५९, डोळ्यांत काचबिंदू, आणि कोविड होऊन गेल्यावरही न हटणारा थकवा. जिभेची चवसुद्धा बिघडलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यात लक्ष घालण्याचं कारण असं, की डोळ्याच्या पडद्यावरच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतलं रक्ताभिसरण त्यांना बाहेरून मोजता येतं आणि या माणसात ते मंदावलेलं होतं. त्यांनी त्याला बीसी ००७ नावाचं औषध शिरेतून दिलं. हे औषध खरं तर हृदयाचे स्नायू कमजोर झालेल्या रुग्णांसाठी तयार होत होतं. डीएनएचा हा लहानसा तुकडा शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर जाऊन बसणारी चुकार प्रतिपिंडं पकडतो आणि निष्प्रभ करतो. थोड्याच दिवसांत त्या माणसाचा थकवा ओसरला, चव सुधारली, डोळ्यातलं रक्ताभिसरणही वाढलं.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही हे ते डॉक्टरही जाणून होते. पण वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अशी बातमी वाचून काय वाटेल, हे सांगायला नको. युरोपभरातून विचारणा सुरू झाली. पुढे औषध बनवणाऱ्या ‘बर्लिन क्युअर्स’ या कंपनीने रीतसर चाचणी घेतली. अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना खोटं औषध, आणि कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. नोव्हेंबर २०२४मध्ये निकाल आला. औषधाचा गट खोट्या औषधाच्या गटापुढे गेला नव्हता.

लाँग कोविडच्या औषधांची गोष्ट इथून सुरू करण्यामागे माझा हेतू निराशा पसरवण्याचा नाही. रक्तात काहीतरी वेगळं सापडलं, ते काढलं, तरी माणूस बरा झाला नाही. याचा अर्थ एक तर ते वेगळं काहीतरी आजाराचं कारण नव्हतं, नुसती खूण होती, किंवा ते कारण काहींच्या बाबतीत खरं होतं आणि बाकीच्यांच्या बाबतीत नव्हतं. गेल्या काही वर्षांतलं या आजारावरचं जवळजवळ सगळं संशोधन या दोन शक्यतांभोवती फिरतं आहे.

वैद्यकाने ही अडचण पूर्वी एकदा अनुभवली आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ ‘ताप’ हाच एक आजार मानला जाई. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली पॅरिसमध्ये क्विनाइन वेगळं काढलं गेलं, आणि ते तापावर देऊ लागले. कुणाचा ताप जादू झाल्यासारखा उतरे, कुणाचा हटत नसे, कुणी दगावे. मग १८८० साली, योगायोगाने एकाच वर्षात, लाव्हराँने अल्जीरियात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि एबर्थने विषमज्वराचा जिवाणू. आता क्विनाइनचं कोडं उलगडलं. औषध उत्तमच होतं. ते चुकीच्या रुग्णांनाही दिलं जात होतं. त्या काळी सरसकट तापाच्या रुग्णांवर आजच्या पद्धतीची चाचणी घेतली असती, तर क्विनाइन कदाचित नापास झालं असतं.

‘लाँग कोविड’ हे नाव आज त्या जुन्या ‘तापा’च्या जागी आहे. ते डॉक्टरांनी दिलेलंही नाही. एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी, स्वतः आजारी असताना, मे २०२०मध्ये ट्विटरवर ते वापरलं आणि ते रूढ झालं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये व्याख्या ठरवली ती साधारण अशी: कोविड झाल्यावर तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानाने न उलगडणारी लक्षणं. रुग्णांनीच पुढाकार घेऊन ५६ देशांत केलेल्या एका पाहणीत २०३ वेगवेगळ्या लक्षणांची नोंद झाली. उभं राहिलं की धडधडणारी छाती, वाचलेलं वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरणं, अंगदुखी, जुलाब, झोप उडणं. एवढ्या सगळ्यामागे एकच बिघाड असेल, असं मानायला मन तयार होत नाही.

मग बिघाड किती आणि कोणते? पहिला धागा ऑस्ट्रेलियातून आला. सिडनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२२मध्ये दाखवलं, की लाँग कोविडच्या रुग्णांत संसर्गानंतर आठ महिन्यांनीही इंटरफेरॉन वर्गातली काही प्रथिनं चढलेलीच आहेत. विषाणू शिरल्याची वर्दी पेशी एकमेकींना इंटरफेरॉनच्या भाषेत देतात. सर्दी-तापात अंग मोडून येतं, खावंसं वाटत नाही, पडून राहावंसं वाटतं, त्यात या वर्दीचा मोठा वाटा असतो. ती दोन-चार दिवसांत थांबायची असते. या लोकांत ती चालूच होती.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या अकिको इवासाकी आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले डेव्हिड पुट्रिनो यांच्या गटाने सप्टेंबर २०२३मध्ये सुमारे २७० लोकांच्या रक्ताचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींतल्या काही दमलेल्या होत्या. सतत काहीतरी समोर असल्यावर या पेशी जशा थकतात तशा. एपस्टाइन-बार नावाचा, बहुतेक सगळ्यांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडलेला विषाणू पुन्हा चाळवल्याच्या खुणा होत्या. आणि सकाळी माणसाला उठवणारं, ताण पेलायला लावणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक निरोगी लोकांच्या जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. यातली खरी गंमत पुढे आहे. कॉर्टिसॉल घटलं की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी ‘आणखी बनव’ असा निरोप पाठवते. या रुग्णांत तो निरोप वाढलेला नव्हता. सगळ्या अभ्यासांत मात्र कॉर्टिसॉलची अशी घट सापडलेली नाही, म्हणून ती लाँग कोविडची ओळखचाचणी म्हणून वापरता येत नाही. कॉर्टिसॉल कमी, म्हणून स्टेरॉइड घ्या, असं कुणी सुचवलं तर सरळ नको म्हणावं.

सॅन फ्रान्सिस्कोत नादिया रोआन यांच्या गटाला २०२४च्या सुरुवातीला आणखी एक विसंगती दिसली. संसर्गातून नीट बऱ्या झालेल्या माणसात टी-पेशी आणि प्रतिपिंडं एकमेकांना धरून चालतात. एक जास्त तर दुसरंही जास्त. लाँग कोविडच्या रुग्णांत हा मेळ सुटलेला होता.

पण हे सगळं रक्त बघून काढलेलं. कारण सिद्ध करायचं तर ते एका शरीरातून दुसऱ्यात नेऊन पाहावं लागतं. ॲमस्टरडॅममध्ये जेरोन डेन डुनेन यांनी नेमकं तेच केलं. लाँग कोविडच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून त्यांनी निरोगी उंदरांना टोचली. उंदीर हळवे झाले. एरवी जे टोचणं जाणवू नये त्यानेही त्यांना दुखू लागलं. त्यातही त्यांनी आधी रक्तातल्या काही प्रथिनांवरून रुग्णांचे उपगट पाडले होते. वेगवेगळ्या उपगटांच्या प्रतिपिंडांनी उंदरांत वेगवेगळा परिणाम केला. काहींच्या प्रतिपिंडांनी वेदना वाढल्या, आणि एका उपगटाच्या प्रतिपिंडांनी हालचाल मंदावली. माझ्या मते या क्षेत्रातल्या सगळ्यात बोलक्या प्रयोगांपैकी हा एक आहे. निदान काही रुग्णांत प्रतिपिंडं ही खूण नसून कारण आहेत, आणि ‘काही’ हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे.

दुसरा मोठा संशय विषाणूवरच आहे: तो गेलाच नसेल तर? महाराष्ट्रात हा प्रश्न नवा वाटू नये. चिकुनगुन्याची साथ १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेली, मग तीसेक वर्षं तो आजार लोक विसरले, आणि २००६मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण झाले. ताप आठवड्यात गेला, पण सांधे वर्ष-वर्ष दुखत राहिले. सकाळी मूठ वळत नाही म्हणणारी माणसं तेव्हा गावोगाव होती. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात संसर्गानंतर १८ महिन्यांनीही त्या विषाणूचे अंश मिळाले होते. त्या दुखण्याला ‘मनाचं आहे’ असं फारसं कुणी म्हटलं नाही, कारण सुजलेलं बोट दिसतं. थकवा दिसत नाही.

कोरोना विषाणूचे अवशेषही असेच रेंगाळतात, याचे पुरावे आता भरपूर आहेत. अमेरिकेत ४४ मृतदेहांच्या तपासणीत फुप्फुसांबरोबर हृदय, आतडी, मेंदू अशा अनेक ठिकाणी विषाणूचं जनुकीय द्रव्य आढळलं. एका प्रकरणात लक्षणं सुरू झाल्यानंतर २३० दिवसांनी. मायकेल पेलुसो यांच्या गटाने कोविड झालेल्या १७१ जणांचं रक्त तपासलं, तर सुमारे एक चतुर्थांश लोकांत केव्हा ना केव्हा विषाणूची प्रथिनं मिळाली, काहींत तर १४ महिन्यांपर्यंत. पण प्रथिनं सापडलेला प्रत्येक माणूस आजारी नव्हता. पुन्हा तोच प्रश्न, खूण की कारण.

त्याचं उत्तर काढायचा सरळ मार्ग म्हणजे विषाणू मारणारं औषध देऊन पाहणं. पॅक्सलोविड ही गोळी कोविडच्या पहिल्या पाच दिवसांत देतात. स्टॅनफर्डमध्ये ती लाँग कोविडच्या १५५ रुग्णांना १५ दिवस देऊन पाहिली. जून २०२४मध्ये निकाल लागला, उपयोग नाही. येलने आणखी १०० जणांवर तोच प्रयोग केला. तो मला आवडतो, कारण त्यात रुग्णांना कुठे जावं लागलं नाही; अंथरुणावरून उठणं ज्यांना जड, त्यांना चाचणीसाठी शहर ओलांडायला लावू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता. औषध घरपोच, रक्त घेणारा माणूस घरी. निकाल मात्र तोच. पण यातून विषाणू टिकून राहण्याची कल्पना बाद झाली, असं म्हणता येत नाही. पॅक्सलोविड विषाणूची नवी पैदास रोखते. आतड्याच्या भिंतीत जर नुसते अवशेष पडून असतील आणि पैदास होतच नसेल, तर ती काय करणार? आणि पैदास होत असलीच, तर १५ दिवस पुरेसे होते का?

आतड्यातल्या या अवशेषांवरून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२३मध्ये एक पूर्ण साखळी मांडली. अवशेषांमुळे इंटरफेरॉनची वर्दी चालू राहते. त्या वर्दीने आतड्याचं ट्रिप्टोफॅन शोषून घेणं मंदावतं. डाळी, दूध, अंडी यांतून मिळणारं हे अमिनो आम्ल म्हणजे सेरोटोनिनचा कच्चा माल. आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. ते घटलं की आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला पुरेशी चेतना मिळत नाही, आणि मेंदूतल्या स्मृतीच्या भागाचं काम ढिलं पडतं. पोटात सुरू झालेला बिघाड विसरभोळेपणापर्यंत कसा पोचतो, हे इतक्या सलग रीतीने कुणी दाखवलं नव्हतं. उंदरांत सेरोटोनिन वाढवलं तेव्हा स्मृती सुधारलीही. पुढे इतर काही गटांनी आपापल्या रुग्णांत सेरोटोनिन मोजलं आणि त्यांना ती घट दिसली नाही. वाद शेवटी येऊन थांबला तो कुणाचं रक्त तपासलं यावर. साखळी चुकीची असेल किंवा एका प्रकारच्या रुग्णांपुरती बरोबर असेल. दोन्ही शक्य आहे.

रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्यांचं प्रकरण जास्त तापलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या रेसिया प्रिटोरियस यांना लाँग कोविडच्या रुग्णांच्या रक्तद्रवात सहज न विरघळणाऱ्या बारीक गुठळ्या दिसल्या. कल्पना आकर्षक होती आणि तिचा बाजार लगेच उभा राहिला. रक्त शरीराबाहेर काढून, गाळून परत घालण्याच्या उपचारासाठी लोक हजारो युरो खर्चून जर्मनी आणि सायप्रस गाठू लागले. २०२२मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने याचा शोध घेऊन लिहिलं, तेव्हा साठवलेला सगळा पैसा घालवून तसेच परतलेले रुग्णही त्यात भेटले. यापेक्षा वेगळा पण त्याच जातीचा उपचार म्हणजे रक्तद्रव बदलणं. स्पेनमध्ये तो ५० जणांवर तपासला गेला, आणि निम्म्यांना फक्त यंत्राचं सोंग दाखवलं गेलं. खरा उपचार मिळालेले सोंगवाल्यांपेक्षा बरे झाले नाहीत. एवढी चाचणी पैसे घेण्याआधी व्हायला हवी होती, एवढंच म्हणायचं आहे.

या सगळ्या गदारोळात एका जुन्या स्वस्त गोळीने मात्र चांगलं काम करून दाखवलं, आणि ती आपल्या घराघरात आहे. मेटफॉर्मिन. मधुमेहावर ती १९५७पासून वापरात आहे. त्याआधी, १९४९-५०च्या सुमारास, फिलिपाइन्समधल्या एका डॉक्टरने हेच संयुग फ्ल्यूवर वापरून पाहिलं होतं. ते पुढे विस्मृतीत गेलं. मिनेसोटाच्या कॅरोलिन ब्रामांटे यांनी वजन जास्त असलेल्या, कोविड नुकताच झालेल्या प्रौढांना ती १४ दिवस दिली आणि दहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. खोटी गोळी घेतलेल्यांत लाँग कोविडचं निदान १०.४ टक्क्यांना झालं, मेटफॉर्मिन घेतलेल्यांत ६.३ टक्क्यांना. लक्षणं सुरू झाल्यावर चार दिवसांच्या आत गोळी सुरू केलेल्यांत फरक आणखी मोठा होता, आणि विषाणूचं प्रमाणही त्यांच्यात लवकर उतरलं.

त्याच चाचणीत आयव्हरमेक्टिनही तपासलं गेलं. मे २०२१मध्ये गोव्याच्या सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी देण्याचं जाहीर केलं होतं, हे वाचकांना आठवत असेल. लाँग कोविड रोखण्यात तिचा काडीचा उपयोग दिसला नाही. दोन्ही गोळ्या स्वस्त, दोन्ही जुन्या, दोन्हींची शिफारस करणारे डॉक्टर भेटत होते. फरक चाचणीनेच दाखवला.

मेटफॉर्मिन हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे. लाँग कोविड जडल्यावर तिचा असा फायदा दाखवला गेलेला नाही. म्हणून वर्षभर आजारी असलेल्या माणसाने आजीच्या डब्यातल्या गोळ्या घेऊ नयेत. प्रतिबंधाचा दुसरा भक्कम आधार लसीचा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून झियाद अल-अली यांनी जुलै २०२४मध्ये दाखवलं, की साथीच्या सुरुवातीच्या काळात संसर्गानंतर वर्षभरात दर शंभरांत १०.४२ लोकांना लाँग कोविड होई. ओमायक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांत तो आकडा ३.५० वर आला. यातली बरीचशी घट लसीमुळे आणि उरलेली विषाणू बदलल्यामुळे.

आजारी आहे त्याने आज काय करावं? इथे घरच्यांच्या प्रेमळ सल्ल्याला थोपवावं लागतं. ‘सारखं पडून राहू नकोस, जरा फिरून ये, घाम निघाला की बरं वाटेल.’ रॉब व्यूस्ट यांच्या ॲमस्टरडॅममधल्या गटाने लाँग कोविडच्या २५ रुग्णांना आणि २१ निरोगी लोकांना १५ मिनिटं सायकलच्या यंत्रावर दमवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला. जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रुग्णांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांचं, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचं, काम श्रमानंतर आणखी बिघडलं, आणि स्नायूला प्रत्यक्ष इजा झाल्याच्या खुणा वाढल्या. ज्याला श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळायला होतं, त्याला रोज थोडा जास्त व्यायाम करायला लावणं म्हणजे त्याला इजा करणं आहे. ‘आळस’ म्हणून ज्याची हेटाळणी झाली, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. अशा माणसाने ताकद संपण्याआधी थांबायचं, कामाचे तुकडे करायचे, मधे आडवं व्हायचं. उभं राहिल्यावर नाडी भरभर वाढत असेल, तर डॉक्टरच्या सल्ल्याने जास्त मीठ-पाणी, पोटरी-मांडीला घट्ट मोजे, आणि नाडी मंद करणारी औषधं यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो. झोप, दुखणं, दमा यांवर स्वतंत्र उपचार आहेत. मूळ आजार यातल्या कशाने जात नाही, पण दिवस जगण्याजोगा होतो, आणि ही गोष्ट लहान नाही.

आता लक्ष आहे ते बॅरिसिटिनिबवर. संधिवातावरची ही गोळी पेशीच्या आत इंटरफेरॉनची वर्दी पुढे नेणाऱ्या जॅक नावाच्या प्रथिनांना अडवते. म्हणजे सिडनीत दिसलेली न थांबणारी वर्दी ती नेमकी तोडू पाहते. २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, गंभीर कोविडसाठी भारतातही तिला आपत्कालीन परवानगी मिळाली होती. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे वेस एली यांनी लाँग कोविडच्या ५५० रुग्णांना सहभागी करून तिची चाचणी आखली, आणि ज्यांची विचारशक्ती, स्मरणशक्ती मंदावली आहे अशांवर तिचा भर ठेवला. सरसकट सगळ्यांना औषध देऊन पाहण्यापेक्षा हे पाऊल निश्चित पुढचं आहे. पण वर्दी तोडणाऱ्या औषधाची दुसरी बाजूही आहे. प्रतिकारशक्ती आवरली की शरीरात दबून राहिलेला क्षयरोग डोकं वर काढू शकतो, आणि आपल्याकडे दबलेला क्षय कोट्यवधी लोकांत आहे. चाचणी यशस्वी झाली, तरी मुंबई-पुण्याच्या रुग्णाला ही गोळी लिहून देण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी मागतील.